परातीतला कण

कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात सोने दिसले, आणि जगभरची माणसे घरदार सोडून तिकडे धावली. त्याच नदीकाठी एका रविवारी आम्ही शिदोरी घेऊन गेलो होतो. नातू गुडघाभर पाण्यात परात हेलकावीत होता. सोने पाण्याहून एकोणीसपट जड. वाळू वाहून जाते, ते तळाशी राहते. दुपार टळली तरी तळाशी काळी रेतीच. तेव्हा मुलाने दुकानातून घेतलेला एक कण हळूच परातीत सोडला. पोर आनंदाने नाचू लागले. मुलगा मला कुजबुजला, "बाबा, सांगू नका हं."

मी गप्प राहिलो. खाण विकण्यासाठी तीत सोने पेरणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. मग मायेने पेरणाऱ्याला काय म्हणावे? त्याने कोणाला लुबाडले नाही, हे खरे. पण दिवसभराचे कष्ट नातवाचे होते, तशी रिकामी परातही त्याचीच होती. निराशा पचवण्याचा त्याचा हक्क आम्ही परस्पर काढून घेतला.

रात्री त्याने विचारले, "आजोबा, तुम्हांला का नाही सापडले?" मला अजून उत्तर देता आलेले नाही.