एका भोकाचा नैतिक हिशोब

अमेरिकेत जुन्या लष्करी बंदुका जमवणाऱ्यांमध्ये एक वाद कित्येक वर्षं चालू आहे. दुसऱ्या महायुद्धातली रायफल विकत घेतली, तर तिच्यावर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवावी की नाही? वरवर पाहता हा स्क्रू आणि पान्याचा प्रश्न आहे. पण लोक ज्या तावातावाने भांडतात, त्यावरून कळतं की मूळ मुद्दा वेगळा आहे. पैसे मोजून जी वस्तू माझी झाली, ती सगळीच्या सगळी माझी असते का?

मोसिन-नागांत या रशियन रायफलीचं उदाहरण घेऊ. झारच्या सैन्याने ती १८९१ मध्ये स्वीकारली, १९३० मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या, आणि ‘९१/३०’ या नावाने तीच दुसऱ्या महायुद्धात लाल सैन्याच्या हातात होती. सगळे प्रकार धरून अशा तीन कोटींहून जास्त रायफली बनल्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर गोदामांतला साठा ग्रीस माखलेल्या अवस्थेत, पेट्या भरभरून अमेरिकेत पोचला. बरीच वर्षं एक रायफल शंभर डॉलरच्या आसपास मिळायची.

हिच्यावर स्कोप बसवणं मात्र त्रासाचं काम. बोल्टचा दांडा सरळ आडवा बाहेर येतो. तो उचलला की वर बसवलेल्या स्कोपला आपटतो. पाच गोळ्या पट्टीतून एकदम वरूनच भरायच्या असतात, आणि स्कोप नेमका त्या वाटेत येतो. म्हणून दांडा कापून त्याजागी वाकडा दांडा वेल्ड करायचा. बोल्ट ज्या पोलादी भागात सरकतो, त्या रिसिव्हरला ड्रिलने भोकं पाडून आटे काढायचे. कोडमध्ये बिनसलं तर मागची आवृत्ती परत आणता येते. पोलादाला ती सोय नाही. भोक बुजवता येतं, पण ते पाडलंच नव्हतं असं करता येत नाही.

म्हणून एक पक्ष म्हणतो, हातच लावू नका, मूळ रूप जपा. ऐकायला पटतं. पण मूळ रूप म्हणजे कोणतं? युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी असंख्य रायफली खोलल्या, एकीचा बोल्ट दुसरीला लावला, जुने नंबर खोडून नवे ठोकले. फिनलंडने तर जुन्या रशियन रिसिव्हरवर नवी नळी आणि नवा दस्ता चढवून आपली एम-३९ रायफल उभी केली. आणि खुद्द सोव्हिएत सैन्याने हजारो ९१/३० रायफलींना भोकं पाडून स्कोप लावले, स्नायपरांना दिले, युद्ध संपल्यावर त्यातल्या अनेकींचे स्कोप काढून भोकं बुजवली आणि साध्या रायफली म्हणून परत ठेवून दिल्या. आज संग्राहक त्या बुजवलेल्या भोकांच्या खुणा भिंग घेऊन शोधतात. खूण सापडली की किंमत वाढते!

ब्रिटिशांचीही गोष्ट तीच. ली-एनफिल्ड नंबर ४ रायफलींपैकी अचूक निघालेल्या निवडून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक बनवणाऱ्या कंपनीकडे जायच्या. तिथे त्यांना स्कोपसाठी भोकं पडायची, गालाला टेकण्यासाठी दस्त्यावर लाकडी तुकडा बसायचा. (२६/११ च्या रात्री मुंबई पोलिसांच्या हातात दिसलेली .३०३ ही याच घराण्यातली.) या स्नायपर रायफली आज साध्या नंबर ४ पेक्षा कितीतरी महाग आहेत. म्हणजे भोक तेच, पोलाद तेच. कारखान्याने पाडलं तर इतिहास, आणि गॅरेजमध्ये कुणी पाडलं तर विटंबना?

इथे दुसरा पक्ष खूश होतो. पण त्याचं आवडतं समर्थन जरा तपासून पाहावं लागतं: ‘अशा लाखो आहेत, एकीने काय बिघडतं?’ १९५०-६० च्या दशकांत स्प्रिंगफील्ड आणि माउझर रायफलींबद्दल हेच बोललं जायचं. स्वस्त मिळायच्या, लोक दस्ते कापायचे, भोकं पाडायचे, शिकारीला न्यायचे. आज हात न लागलेली स्प्रिंगफील्ड मिळाली तर लोक जपून ठेवतात. मोसिनही आता शंभर डॉलरला मिळत नाही. ‘एकीने काय बिघडतं’ हे प्रत्येक वेळी खरं असतं, आणि एवढ्या साऱ्या खऱ्या वाक्यांची बेरीज होऊन साठा संपतो. वस्तू दुर्मीळ होत असते तेव्हा ती कुणालाच दुर्मीळ वाटत नाही.

तरीही स्कोप हवा असणारा प्रत्येक माणूस उथळ नसतो. साध्या नेमाने मारायचं तर मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी डोळ्याला एका रेषेत आणाव्या लागतात. साठीच्या डोळ्यांना ते जमत नाही. स्कोपमध्ये नेमाची खूण आणि लक्ष्य एकाच प्रतलात दिसतात. त्यातून हरणाच्या शिकारीला जाणाऱ्यासाठी हा सोयीपेक्षा मोठा प्रश्न आहे. गोळी चार बोटं चुकली, तर जखमी जनावर तासन् तास तडफडत मरतं. शिकार करावी का, हा वेगळा वाद. पण करायचीच असेल, तर एका जिवाच्या वेदनेपुढे पोलादावरच्या शिक्क्याची अब्रू मोठी, असं मला म्हणवत नाही. शिवाय ही वस्तू माणसं मारण्यासाठीच बनली होती. तिच्याभोवती देव्हारा उभारतानाही जरा थांबायला हवं.

मग फरक कशात आहे? मला वाटतं, भोकात नाही. त्यामागच्या गरजेत आणि हाताशी असलेल्या पर्यायांत आहे. १९४३ मधल्या कारागिरासमोर युद्ध होतं आणि दुसरा मार्ग नव्हता. १९५५ मधल्या शिकाऱ्याला नवी रायफल परवडत नव्हती. आजच्या किमती डोळ्यांपुढे ठेवून त्याला दोषी ठरवणं अन्यायाचं आहे. आज मात्र कारखान्यातच स्कोपची सोय केलेली नवी रायफल दुकानात मिळते. मोसिनच हवी असेल तर आधीच कुणीतरी भोकं पाडलेली शोधता येते. तीही नको असेल तर मागच्या नेमाची पट्टी काढून त्याच बैठकीवर बसणारा माउंट मिळतो. स्वस्तातले माउंट हादऱ्यांनी ढिले होतात, स्कोपही थोडा पुढे सरकतो, पण खिळ काढली की रायफल पूर्ववत. एवढं सगळं हाताशी असताना अस्पर्श रायफलीला ड्रिल लावायचं, तर ‘माझी आहे’ याखेरीज दुसरं कारण सांगता आलं पाहिजे.

कारण ‘माझी आहे’ हे वाक्य काळाच्या हिशोबात फार छोटं आहे. ऐंशी-नव्वद वर्षांच्या या रायफलीला आधी सैनिक होते, गोदामं होती, दुकानदार होते. पुढेही कुणीतरी असेल. त्यातल्या पंधरा-वीस वर्षांची मालकी आपण विकत घेतो. तेवढ्या काळात ती वापरावी, चालवावी, गरजेप्रमाणे बदलावीही. फक्त आपल्यानंतर ती ज्याच्या हातात जाईल, त्यालाही निर्णय घेण्याचा हक्क आहे. तो हक्क त्याच्यासाठी शिल्लक राहावा, इतकीच मागणी आहे.