आपली वही

स्वतःविषयी लिहू नये, असा आपल्याकडे एक जुना संकेत आहे. चारचौघांत ‘मी, मी’ करणाऱ्याला आपण हसतो. मग तेच कागदावर करणाऱ्याला काय म्हणावे? तरीही माणसे लिहितात. दिवसभर संगणकापुढे बसून शिणलेला तरुण रात्री आपला दिवस लिहून काढतो आणि चार अनोळखी माणसांनी तो वाचावा अशी इच्छा धरतो. हा नुसता मिरवण्याचा सोस आहे काय?

‘मी केवळ स्वतःसाठी लिहितो,’ असे उत्तर बहुधा मिळते. मला ते पटत नाही. मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मुलांना निबंध शिकवतो. स्वतःपुरते लिहिणाऱ्याला अक्षर सुवाच्य काढावे लागत नाही, एवढे मला कळते. आमच्या हिंजवडीहून देहू फार दूर नाही. वह्या इंद्रायणीत बुडाल्यावर तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी सोडून काठावर बसले, असे परंपरा सांगते. अभंग तर त्यांच्या मनात होतेच! पण मनातले शब्द माणसाबरोबर जातात. वहीतले मागे उरतात आणि ज्यांना आपण कधी पाहणार नाही त्यांच्या हाती पडतात.

रमाबाई रानडे यांनी 1910 साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून येऊ लागली. दोघीही लग्नानंतर अक्षरे गिरवायला बसलेल्या. लिहायला बसल्या त्या पतीविषयी; पण लिहिता लिहिता कागदावर त्यांचे स्वतःचे घर उतरले. शिकणाऱ्या सुनेला घरातल्या बायकांनी मारलेले टोमणे रमाबाईंनी लिहिले नसते, तर ते कोणत्या दप्तरात सापडले असते?

दप्तराची गोष्ट आम्हा हिंजवडीकरांना चांगली ठाऊक आहे. जिथे शेते होती तिथे आज माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती आहेत. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाची हे कळते. नमुना बारामध्ये पीक कोणते हे कळते. पण बांधावर बसून कोणी काय सोसले, शेत गेल्यावर पहिल्या पावसात कुणाचे हात रिकामे राहिले, याला रकाना नाही. आणि परगावाहून येऊन इथे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाच्या एकटेपणालाही तो नाही. अशा वेळी माणूस स्वतःच आपला तलाठी होतो.

मात्र या तलाठ्यावर मोठी जबाबदारी असते. आपल्या हकिकतीत आई येते, शेजारी येतो, मित्र येतो. त्यांना कोणी विचारलेले नसते. आपले दुःख सांगण्याचा हक्क आपला. त्यांचे गुपित उघडे करण्याचा नव्हे. कोणते वाक्य लिहायचे नाही हे ठरवताना लिहिणाऱ्याची खरी परीक्षा होते.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतात. त्या वहीत जमेबरोबर देणेही मांडलेले असते. नुसती जमा मांडणाऱ्याची वही कोणी खरी मानीत नाही. स्वतःविषयी लिहिणाऱ्याने कुणाकुणाचे देणे लागतो तेही मांडावे. मग त्या लिहिण्याला मिरवणे कोण म्हणेल? या दिवाळीत, वाचकहो, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसापुढे एक कोरी वही ठेवून पाहा.