किनाऱ्यावर चढणारा ढगांचा पट्टा

वैशाखात विदर्भाची जमीन वर्षभरात सर्वांत जास्त तापते आणि नेमकं तेव्हाच आभाळ कोरडं ठणठणीत असतं. मॉन्सूनच्या सर्वांत प्रसिद्ध सिद्धांताला एवढी एक गोष्टसुद्धा अडचणीत आणते. तरी तो सिद्धांत तीन शतकांहून अधिक काळ टिकून आहे. १६८६ साली एडमंड हॅले यांनी दर्यावर्दींच्या माहितीवरून उष्ण कटिबंधातल्या वाऱ्यांचा नकाशा छापला आणि कारणही सांगितलं: उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा वर चढते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा आत धावते. आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत हेच शिकवलं गेलं.

या मांडणीतली विसंगती जॉर्ज सिम्पसन यांनी १९२१ मध्ये स्पष्ट दाखवली. भारतीय हवामान खात्यात काम केलेला हा माणूस इथला उन्हाळा जाणत होता. जमीन जुलैपेक्षा मे महिन्यात जास्त तापलेली असते. वायव्येकडचा प्रदेश सर्वांत उष्ण, पण पाऊस तिथेच सर्वांत कमी. दुष्काळी वर्षी जमीन चांगल्या पावसाच्या वर्षापेक्षा जास्त तापते. म्हणजे तापलेली जमीन पावसाला ओढून आणत नाही. पाऊस आला नाही म्हणून ती तापलेली राहते. इतका नेमका आक्षेप पाठ्यपुस्तकांनी मनावर घेऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या काळात खात्याचा सगळा जीव वेगळ्याच प्रश्नात गुंतला होता, आणि ते साहजिक होतं. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर यंदा पाऊस किती पडेल, हेच सरकारला आधी हवं होतं. हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधू लागले. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी धुंडाळल्या आणि त्यांतून हवेच्या दाबाचं जे मोठं हेलकावणं हाती लागलं, त्याला १९२४ मध्ये ‘दक्षिणी आंदोलन’ असं नाव दिलं. एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून बहुधा आपला पाऊस घटवणाऱ्या घटनेची, आजची चर्चा त्याच वाटेनं आली. पण पाऊस मुळात पडतो कसा, हा प्रश्न मागेच राहिला.

त्याचं उत्तर विषुववृत्तापाशी होतं. दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे तिथे एकमेकांना भिडतात, ओली हवा वर उचलली जाते आणि पृथ्वीभोवती ढगांचा एक पट्टा तयार होतो. हाच आंतरउष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा. तो सूर्यामागोमाग वर्षभरात उत्तरेकडे आणि परत दक्षिणेकडे सरकतो. १९६० नंतर उपग्रहांची चित्रं मिळू लागली आणि हा पट्टा डोळ्यांना दिसला.

१९८० मध्ये हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का आणि पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी १९७३ ते १९७७ या वर्षांतली भारताच्या रेखांशांवरची चित्रं दिवसागणिक तपासली. पावसाळ्यात आपल्या जमिनीवर पसरलेला ढगांचा पट्टा गुणधर्मांनी तोच अभिसरण पट्टा आहे, असं त्यांनी दाखवलं. महासागरात अन्यत्र तो विषुववृत्तापासून फार दूर जात नाही. इथे मात्र किनारा ओलांडून गंगेच्या खोऱ्यापर्यंत पोचतो. जमिनीच्या तापण्याचं काम उरतं ते त्याला इतकं उत्तरेला येऊ देण्यापुरतं.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांचं दुसरं निरीक्षण. पावसाळ्यात या पट्ट्याला दोन ठाणी असतात: एक जमिनीवर, दुसरं विषुववृत्तीय हिंदी महासागरावर. जमिनीवरचा पट्टा विरतो, मग दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने समुद्रावरून नवा पट्टा उत्तरेकडे सरकत येतो आणि त्याला पुन्हा जिवंत करतो. मॉन्सूनचा आस, म्हणजे जमिनीवरच्या कमी दाबाच्या पट्ट्याची मधली रेषा, हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिथे पूर येतात, आणि आपल्याकडे पाऊस दडी मारतो. पावसाचा हा खंड म्हणजे मॉन्सूनचं बिघडणं नव्हे. ती त्याची घडणच आहे. खंड लांबला तर मात्र हंगाम जातो. २००२ च्या जुलैमध्ये देशात सरासरीच्या जेमतेम निम्माच पाऊस झाला. तेव्हाचा एल निनो तर १९९७ च्या मानाने सौम्य होता, आणि १९९७ साली पाऊस सरासरीइतका पडला होता. या कोड्याची उकल गाडगीळ यांनी पुन्हा हिंदी महासागरातच शोधली: त्याच्या विषुववृत्तीय भागात ढग पश्चिमेला जमतात की पूर्वेला, यावरही आपला पाऊस ठरतो.

विचार इथवर आला तेव्हा प्रश्नच बदलला होता. वर्षाची सरासरी शासनाच्या कामाची. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र पेरणीनंतर खंड केव्हा पडेल ते हवं असतं. सरासरी शंभर टक्के भरूनही दुबार पेरणी करावी लागते. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी पावगड-अनंतपूर भागातल्या भुईमूग उत्पादकांबरोबर बसले ते यासाठीच. पेरणीची वेळ कोणती धरली तर फुलं आणि शेंगा धरताना पाणी मिळण्याची शक्यता वाढते, हे त्यांनी जुन्या पावसाच्या नोंदींवरून तपासलं. आता हवामान खातं दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज देतं. समुद्रावरून निघालेला पट्टा किती दिवसांत किनाऱ्याला लागेल, हे त्यात दोन आठवड्यांपर्यंत बऱ्यापैकी पकडता येतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भरवसा घसरतो. कपाशीची लावण थांबवायची की उरकायची, हा निर्णय त्या पहिल्या पंधरवड्यातच घ्यायचा असतो.