परक्याची वाणी

शास्त्रभाग : योहान १०:१-५, मत्तय ७:१५-२०



तंजावरच्या उत्तरेस काही मैलांवर, कावेरीच्या तीरी तिरुवैयारु हे गाव आहे. पाच नद्यांचे पवित्र स्थान, असा या तमिळ नावाचा अर्थ. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापिलेल्या तंजावरच्या मराठी राज्यातले हे गाव. थोर संगीतकार त्यागराज यांनी येथे आपले आयुष्य वेचले व १८४७ साली येथेच देह ठेवला. दर वर्षी त्यांच्या पुण्यतिथीस शेकडो गायकवादक समाधीजवळ एकत्र बसून त्यांच्या पाच रचना एकमुखाने गातात.

इतके कंठ असूनही गाणे एक राहते, कारण सर्वांनी एकच आधारस्वर धरलेला असतो. तो स्वर ज्याच्या कानात मुरला आहे, त्याला बेसूर म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. कोणी किंचित ढळला तरी त्याचा कान चटकन ओळखतो. जगातील सर्व बेसूर स्वरांचा त्याने अभ्यास केलेला नसतो. खऱ्या स्वराशी त्याचा रोजचा सहवास असतो, इतकेच.

प्रभू येशूने उत्तम मेंढपाळाविषयी बोलताना हेच सांगितले. मेंढरे आपल्या मेंढपाळाची वाणी ओळखतात, म्हणून ती त्याच्यामागे जातात. परक्याच्या मागे ती जात नाहीत, उलट त्याच्यापासून पळतात, कारण ती वाणी त्यांच्या ओळखीची नसते. मेंढरांचे रक्षण त्यांच्या हुशारीने होत नाही. ते ओळखीने होते.

आणि ही ओळख नसली तर काय घडते, ते मी जवळून पाहिले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावातील सभेत मी व्यासपीठावर बसलो होतो. बाहेरगावाहून आलेला वक्ता ओघवते बोलत होता. त्याची दहापैकी नऊ वाक्ये खरी होती. दहावे वाक्य असे होते की, ज्याचा विश्वास पूर्ण आहे त्याने औषधाला स्पर्श करू नये. श्रोत्यांत आमच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी होती. मधुमेहासाठी ती इन्शुलिन घेत असे. घरी जाऊन तिने ते बंद केले. काही दिवसांनी तिचा मुलगा धावत माझ्याकडे आला. आम्ही तिला इस्पितळात नेले. परंतु उशीर झाला होता. तिच्या दफनविधीची उपासना मीच चालविली.

बंधूंनो, त्या सभेतच माझ्या मनाला ते वाक्य खटकले होते. परंतु पाहुण्याचा अवमान होईल, सभेचा रंग बिघडेल, म्हणून मी गप्प बसलो. उत्तर तर माझ्या मांडीवरच्या पुस्तकात होते. हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावण्यास यशया संदेष्ट्याने सांगितले (यशया ३८:२१). तीमथ्याच्या पोटासाठी व वारंवारच्या दुखण्यासाठी पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला (१ तीमथ्य ५:२३). त्रफिमाला पौलाने मिलेतात आजारीच ठेवले (२ तीमथ्य ४:२०). आणि पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता (कलस्सै ४:१४). या सर्वांचा विश्वास अपुरा होता काय? देव प्रार्थना ऐकून रोग बरे करतो, हे आपण मनापासून मानतो. परंतु रोगाचे ओझे वाहणाऱ्यावर अविश्वासाच्या आरोपाचे दुसरे ओझे लादणारी वाणी आपल्या मेंढपाळाची नव्हे.

प्रभूने आणखी एक कसोटी दिली आहे : फळांवरून झाड ओळखा. फळाला वेळ लागतो. आमच्या सभेचा वक्ता दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघून गेला. त्याच्या शब्दाचे फळ पाहण्यास तो थांबला नाही. याउलट ज्या तंजावर प्रांताचा आरंभी उल्लेख केला, तेथील ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचे जीवन पाहा. हे प्रशियाचे मिशनरी १७५० साली भारतात आले, १७७८ पासून तंजावरास राहिले आणि १७९८ साली तेथेच प्रभूत निजले. १७७९ साली मद्रास सरकारने त्यांना हैदर अलीकडे पाठविले. कंपनीच्या वकिलांवर हैदरचा भरवसा नव्हता. परंतु हा मनुष्य आपल्याला फसविणार नाही, अशी त्याची खात्री होती. पुढे हैदरच्याच स्वारीत तंजावरच्या किल्ल्यात उपासमार झाली. आपले पैसे बुडतील या भीतीने शेतकरी सरकारच्या शब्दावर बैल व धान्य देईनात. श्वार्ट्झ यांनी स्वतःचा शब्द दिला, तेव्हा धान्य आले. आणि तो शब्द त्यांनी पाळला. तुळजाजीराजांनी मरणसमयी आपला दत्तक पुत्र सरफोजी यांच्या कल्याणाची काळजी त्यांच्यावर सोपविली. सरफोजीराजे ख्रिस्ती झाले नाहीत. तरी आपल्या या वृद्ध हितचिंतकाचे संगमरवरी स्मारक त्यांनी इंग्लंडचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून घडवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. विश्वास न स्वीकारलेल्यांनीही ज्याच्या सचोटीची साक्ष द्यावी, असे ते फळ होते.

मात्र सावधगिरी म्हणजे संशयखोरपणा नव्हे. निराळ्या पद्धतीने उपासना करणारा प्रत्येक बंधू खोटा शिक्षक ठरत नाही. बिरुयातील लोकांनी पौलाचे वचन उत्सुकतेने ऐकले आणि ते तसेच आहे की काय, हे पाहण्यासाठी ते रोज शास्त्र शोधीत राहिले (प्रेषितांची कृत्ये १७:११). उत्सुकता व शोध या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या.

म्हणून घरोघरची कौटुंबिक उपासना पुन्हा सुरू करा. केवळ आवडीची वचने न निवडता शास्त्र क्रमाने वाचा. वक्ता कितीही मोठा असो, हे शास्त्रात कोठे आहे, असे नम्रपणे विचारा. आम्हा पाळकांनाही विचारा. विचारल्याने खऱ्या सेवकाचा अपमान होत नाही. आणि एखादा स्वर ढळलेला जाणवला, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. त्या दिवशी मी दोन वाक्ये बोललो असतो, तर ती भगिनी कदाचित आणखी काही वर्षे आपल्या नातवंडांत राहिली असती.

हे उत्तम मेंढपाळा, तुझी वाणी आमच्या कानात व अंतःकरणात मुरू दे. परक्याच्या गोड शब्दांपासून आमच्या दुर्बळांना व आजाऱ्यांना राख. बोलावयाच्या वेळी आम्हांला धैर्य दे व आमच्या मौनाची आम्हांला क्षमा कर. आमेन.