सुनेचा पगार आणि सुन्नत
आज आपल्या अनेक घरांतील सून शाळेत वा दवाखान्यात नोकरी करते आणि पगार घरखर्चात घालते. सायंकाळी मात्र स्वयंपाकघर तिचीच वाट पाहत असते.

शरीअतने घरखर्चाची जबाबदारी पतीवर टाकली आहे. स्त्रीच्या कमाईवर तिचाच हक्क आहे (सूरह अन्-निसा, ४:३२). तिने स्वखुशीने दिले, तर तो तिचा एहसान होय. पतीचा भार तिने उचलला असता तिचा भार हलका करण्यात त्याला कमीपणा कसला? प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ होताच नमाजला जात, असे हजरत आयेशा (रजि.) सांगतात.

मातांनो, मुलगा भांडी विसळू लागला तर त्याला अडवू नका. ती सुन्नतचीच वाट आहे. अल्लाह आपल्या घरांत न्याय नांदवो. आमीन.