सहा बाय दोन

गेल्या पावसाळ्यात मी एक फीचर बनवलं. चाकणच्या एका कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदारासाठी आमची कंपनी ॲप करत होती. नवा कामगार आला की आधार स्कॅन, फोटो, बँकेचा तपशील आणि शेवटी एक स्क्रीन: 'वरील अटी मी वाचल्या आहेत, मला समजल्या आहेत व मान्य आहेत.' खाली एक चौकोन. टिक केलं की झालं. अटी इंग्रजीत, त्याही अकरा स्क्रीनभर.

दोन आठवड्यांनी एक बग शोधताना लॉग उघडला. एका सकाळी ४१ जणांनी संमती दिली होती, सगळ्यांनी एकाच मोबाइलवरून. अटींचा स्क्रीन प्रत्येकासाठी दोन-तीन सेकंद उघडा राहिलेला. म्हणजे सुपरवायझर रांगेतल्या पोरांचे फोटो काढत होता आणि टिकही तोच करत होता. बग वगैरे काही नव्हता. कोड अगदी बरोबर चालत होता.

लीडला सांगितलं तर तो म्हणाला, "ऑडिटला लागतं म्हणून ठेवलंय रे. कोण वाचतं? तू तरी वाचतोस का?"

मी वाचत नाही, हे खरंच आहे. पण मी न वाचता टिक करतो तेव्हा फार तर एखादं ॲप माझे कॉन्टॅक्ट्स उचलतं. या पोरांच्या टिकेखाली त्यांचे कामाचे तास होते, पगारातली कपात होती, कामावरून काढायच्या अटी होत्या.

त्याच सुमारास मॉरिशसमधल्या मराठी लोकांचा एक व्हिडिओ समोर आला आणि मी एकातून दुसरं वाचत गेलो. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. दुसरं गिरमिट 'ॲग्रीमेंट' या शब्दाचं झालेलं. १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली, पण उसाला माणसं लागतच होती. मग करारावर मजूर नेणं सुरू झालं. त्यातली फसवणूक उघड झाल्यावर १८३९ मध्ये बंदी आली आणि १८४२ मध्ये नियम करून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून वाहतूक पुन्हा खुली झाली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसं होती, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. एकूण सुमारे साडेचार लाख भारतीय पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे.

पण मला सगळ्यात जास्त अडकवलं ते १८५५ च्या एका ब्रिटिश कायद्याने. तो चिनी प्रवाशांच्या जहाजांसाठी होता. हाँगकाँगमधून निघणारं कुठलंही जहाज किंवा चीनच्या बंदरांतून निघणारं ब्रिटिश जहाज वीसपेक्षा जास्त आशियाई प्रवासी नेत असेल, तर त्याला हा कायदा लागू. प्रत्येक प्रौढ माणसाला किमान १२ चौरस फूट आणि ७२ घनफूट जागा. बारा वर्षांखालची दोन मुलं मिळून एक प्रौढ. आणि जहाज सुटण्याआधी सरकारी अधिकाऱ्याने खात्री करायची, की आपण कुठे चाललो आहोत आणि कसला करार केला आहे हे या लोकांना समजलं आहे.

बारा चौरस फूट म्हणजे सहा बाय दोन. मी घरी टेप घेऊन फरशीवर मोजलं. आडवा झालो तर मी त्यात मावतो, कूस बदलली की बाहेर. चाकणला 'कॉट बेसिस'वर राहणाऱ्या पोरांना मिळते तेवढीच जागा. तीही कधी कधी पाळीपाळीने. रात्रपाळीवाला परत येतो तेव्हा दिवसपाळीवाला उठून गेलेला असतो.

हे वाचून पहिल्यांदा राग आला. माणसं खोटं सांगून, कर्जात अडकवून, कधी सरळ पळवून क्युबा-पेरूच्या जहाजांवर चढवली जात होती आणि सरकार काय करत होतं, तर फूटपट्टी घेऊन बसलं होतं. जागा मोजली की सगळा व्यवहार कायदेशीर. अन्यायाला नियम लावला की तो अन्याय दिसेनासा होतो का? माझा चौकोनही हेच तर करत नव्हता?

हे मी पप्पांना बोलून दाखवलं. पप्पा पिंपरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं परमनंट होते, युनियनमध्येही होते. ते म्हणाले, "कायदा नसता तर सहा बाय दोनच्या जागी सहा बाय एक दिली असती. मोजमाप लिहिलेलं असलं की निदान भांडता येतं. आम्ही काय हवेत भांडलो का?"

त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. कागदावर १२ फूट लिहिलेले असतील तरच कोणी म्हणू शकतो की मला १० मिळाले. इंग्रज कप्तानांना या कायद्याचा जाच झाला तो उगाच नाही. ज्यांना तो नको होता त्यांचा धंदा पोर्तुगीजांच्या मकावला गेला. तिथून तो चालू राहिला आणि १८७४ मध्ये बंद झाला. नियमातून पळावंसं वाटतं, म्हणजे नियमाला काहीतरी दात होते.

आपल्याकडच्या जुन्या कायद्याच्या नावातच हे भांडण होतं: 'कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा, १९७०.' ही पद्धत नीट चालवायची की बंद करायची? कंसात दोन्ही होतं. मूळ कायद्यात आकडाही वीसचाच: वीस किंवा जास्त कामगार असले तर तो लागू व्हायचा. जिथे आकडा असतो तिथे एकोणीस माणसं ठेवणारा कोणीतरी असतोच.

मग प्रश्न उरतो तो त्या दुसऱ्या अटीचा, 'समजलं आहे' याचा. जागा फुटांत मोजता येते. समजलं आणि मान्य आहे, हे कशात मोजायचं?

मी लीडच्या मागे लागलो. अटी दहा वाक्यांवर आणल्या, मराठी आणि हिंदीत ऑडिओ टाकला, ओटीपी कामगाराच्या स्वतःच्या मोबाइलवर. एवढं मान्य झालं. मी 'मान्य नाही' असं दुसरं बटणही मागितलं होतं, ते 'पुढच्या फेजला बघू'मध्ये गेलं.

ट्रायलला मी स्वतः चाकणला गेलो. नांदेडकडचा एक मुलगा होता, विशीतला. त्याने ऑडिओ पूर्ण ऐकला, कपातीचं वाक्य दोनदा. मग टिक केलं. मी विचारलं, "इथे 'नाही'चं बटण असतं तर?"

तो हसला. "दादा, नाही म्हणून जायचं कुठं? गाडीभाडं ठेकेदारानं दिलं, खोलीचं डिपॉझिट त्यानंच भरलं. आई-बाप कारखान्याला जाताना मुकादमाकडून उचल घेतात, तसंच हे. उचल फिटेपर्यंत कसलं नाही?"

मी दोन महिने स्क्रीनवर शोधत होतो ते त्याने एका शब्दात सांगितलं. हाँगकाँगच्या अधिकाऱ्याने प्रश्न प्रामाणिकपणे विचारलाही असेल. पण तो धक्क्यावर विचारला, माणूस गाव सोडून, आगाऊ पैशांत अडकून आल्यावर. नकाराची किंमत आधीच चढलेली असताना विचारलेल्या प्रश्नाला होकारच येणार. समजणं आणि मान्य असणं या दोन गोष्टी आहेत. ऑडिओने पहिली सुधारते. दुसरीसाठी परतीचं भाडं लागतं.

म्हणून नियम निरुपयोगी, असं आता मी म्हणणार नाही. पप्पांचं बरोबर आहे, त्या मुलाने कपातीचं वाक्य दोनदा ऐकलं आणि उद्या जास्त कापलं तर त्याला ते आठवेल. पण त्या टिकेला मी 'संमती' म्हणणं सोडलं आहे. डेटाबेसमध्ये त्या कॉलमचं नाव 'कन्सेंट' होतं. ते बदलून 'अटी ऐकवल्या' अशा अर्थाचं नाव दिलं. रिव्ह्यूमध्ये कोणीतरी विचारलं, याने काय फरक पडतो? मी लिहिलं, आपण जे केलं तेवढंच लिहिलंय.

'मान्य नाही' बटणाचं तिकीट अजून उघडं आहे. परवा त्यात एक ओळ टाकली: नकार दिल्यास गावापर्यंतचं भाडं कोण देणार? तिकीट माझ्याकडून काढून ठेकेदाराच्या नावावर केलं. उत्तर अजून आलेलं नाही.