रविवारचे मनन : इंजिन बंद करा



दिवाळीच्या सुट्टीत जळगाव-धुळ्याची आपली काही कुटुंबे मालवणजवळ तारकर्लीला गेली होती. मीही सोबत होतो. आपण तापीकाठची माणसे. कित्येकांनी समुद्र प्रथमच पाहिला. सकाळी होडीतून डॉल्फिन पाहायला निघालो. अर्धा तास झाला, काही दिसेना. "फादर, मासा कोठे शे?" एका मुलाने विचारले. मोठी माणसेही कुरकुरू लागली. पैसे दिले होते ना!

तेवढ्यात दूर एक पाठ चमकली. लगेच चार-पाच होड्या तिकडे धावल्या. "पळवा, पळवा!" आम्ही ओरडलो, त्यात मीही होतो. डॉल्फिन नाहीसे झाले. आमच्या होडीवाल्याने मात्र लांबच थांबून इंजिन बंद केले. म्हणाला, "ते खेळ दाखवायला वर येत नाहीत, श्वास घ्यायला येतात."

मला लाज वाटली. डॉल्फिन मासा नव्हे. त्याला आपल्यासारखी फुप्फुसे आहेत. मादी पिलाला दूध पाजते. हवेसाठी त्याला पुन्हा पुन्हा वर यावेच लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. पण आपल्या हावेला कोण आवरणार?

आम्ही गप्प बसलो. काही वेळाने जवळच 'फुस्स' असा आवाज झाला. एक मोठा डॉल्फिन आणि शेजारी पिलू. इंजिन चालू असते तर तो श्वास ऐकूच आला नसता.

एलिया संदेष्ट्याला परमेश्वर वादळात, भूकंपात किंवा अग्नीत भेटला नाही. मंद, शांत वाणीत भेटला (१ राजे १९). आपण मात्र नवस केला, मेणबत्ती लावली, की तिकीट काढल्यासारखी देवाची वाट पाहतो. देव आपला देणेकरी नाही.

आणि घरी? दहावीच्या मुलामागे, दमून आलेल्या पत्नीमागे आपण अशीच होडी पळवतो. त्यांना श्वास घेऊ देतो का?

पांझरा, गिरणा, वाघूर तापीला मिळतात आणि तापी समुद्राला. आपण नदीत टाकलेले प्लास्टिकही त्याच वाटेने जाते.

या आठवड्यात रोज दहा मिनिटे मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवून कुटुंबासह शांत बसू या. प्रभू जवळच आहे. आमेन.